आबांचे दोन पाटे

साखर कारखान्याचा भोंगा वाजला की आमच्या वस्तीवर प्रत्येकाला काही ना काही आठवतं. कुणाला तोडीची तारीख आठवते, कुणाला जनावरांना घालायची उसाची वाढी, कुणाला गेल्या वर्षी बांधावरून झालेलं भांडण. मला रस्ता आठवतो. डाळजहून भिगवण आणि भिगवणहून बारामती हा रस्ता एरवी बरा असतो. पण हंगाम लागला की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर त्याच्यावरून सारखे जात राहतात आणि महिन्याभरात त्याची रया जाते. कडा खचतात, डांबराला लाटा येतात, ट्रॉलीतून पडलेल्या कांड्या चाकाखाली चिरडून रस्ताभर काळे चिकट डाग पडतात.

यंदाचा भोंगा झाला त्याच आठवड्यात मी पिकअपमध्ये पेरूचे क्रेट भरून बारामतीला निघाले. शाळेजवळचा स्पीडब्रेकर अजून बराच लांब होता, तरी माझा पाय ब्रेकवर गेला आणि डावा हात आपोआप शेजारच्या सीटपुढे आडवा झाला. सीटवर कुणी नव्हतं. माझी पिशवी होती आणि पाण्याची बाटली. पिशवीला सांभाळत मी स्पीडब्रेकर ओलांडला आणि मग स्वतःवरच चिडले.

ही हाताची सवय तीन हंगामांपूर्वीची आहे. तेव्हा त्या सीटवर आबा बसायचे, माझे सासरे. त्यांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या आणि आठवड्यातून दोनदा, सोमवारी आणि गुरुवारी, बारामतीच्या एका दवाखान्यात डायलिसिस असायचं. चार तास मशीनवर, तासभर जायला, तासभर यायला. माझा नवरा दत्ता एमआयडीसीतल्या कंपनीत पाळीवर जातो, त्याला आठवड्यातून दोन दिवस सुट्टी कोण देणार? एसटी दोनदा बदलावी लागते. शेजाऱ्यांची मोटार एकदा मिळेल, दोनदा मिळेल, तिसऱ्यांदा आपल्यालाच मागवत नाही. राहिली घरची पिकअप, आणि ती चालवायला राहिले मी.

पिकअप मला आबांनीच शिकवली होती. दत्ताने शिकवायला घेतलं तेव्हा दोन दिवसांत आमचं बोलणं बंद झालं, म्हणून आबा शेजारी येऊन बसले. त्यांची शिकवणी वेगळी होती. गिअर कुठला, क्लच किती, यावर ते फार बोलायचे नाहीत. मागे चार मेंढरं उभी करायचे आणि म्हणायचे, चल आता. वळणावर मेंढरू पडलं की तुझं चुकलं. मेंढरू उभ्याने प्रवास करतं, त्याला कशाला धरता येत नाही, धक्का सरळ त्याच्या पायात जातो, हे त्यांनी मला पहिल्या दिवशी सांगितलं. महिनाभराने मेंढरं पडायची थांबली आणि मला गाडी येते असं आबांनी घरात जाहीर केलं.

आमच्या घरात आधी मेंढरंच होती. आबांचे वडील, त्यांचे वडील, सगळे कळपामागे फिरलेले. आबांनीही निम्मं आयुष्य तेच केलं. मग चराऊ रानं कमी झाली, उजनीचं पाणी आलं, ऊस आला, आणि मेंढरू बांधावर दिसलं तरी लोक काठी उचलू लागले. आबांनी कळप विकला आणि पिकअप घेतली. स्वतःची मेंढरं गेली, पण दुसऱ्यांची बाजाराला न्यायचं काम त्यांनी धरलं. वैरण, कांदा, पेंड, लग्नाचं सामान, जे मिळेल ते. गाडी घेतल्यावर पहिल्या महिन्यातच भिगवणच्या बाळू मिस्त्रीकडे जाऊन त्यांनी मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी एकेक जादा पाटा टाकून घेतला.

पाटे म्हणजे मागच्या चाकांवर असणारी लोखंडी पट्ट्यांची चळत. एकावर एक बसवलेल्या, किंचित वाकलेल्या. गाडीचा भार त्यांच्यावर असतो, धक्का तेच खातात. पट्ट्या जेवढ्या जास्त, तेवढा भार जास्त पेलतो आणि तेवढीच गाडी कडक होते. आमच्याकडे पिकअप घेतलेला माणूस कडकपणाचा विचार करत नाही. गाडी माल भरून मागे झुकली तर लोक म्हणतात, बसली याची गाडी. हे ऐकून घेण्यापेक्षा माणूस उपाशी राहील. आबांची गाडी कधी बसली नाही. तीस मेंढरं भरून ती बाजारात उभी राहिली तरी मागून ताठ दिसायची, आणि आबा तिच्यापेक्षा ताठ.

भरलेल्या गाडीला ते पाटे शोभत होते. आता तिच्यात आबा एकटे होते, आणि आजाराने त्यांचं वजन एका मोठ्या बोकडाइतकं राहिलं होतं. धक्का जिरवणारे शॉकप केव्हाच मेलेले. रिकामी गाडी खड्ड्यात गेली की मागचा भाग उडायचा आणि खाली आपटताना तो धक्का आबांच्या कमरेत जायचा. जाताना ते सहन करायचे. मशीनवरून उठल्यावर मात्र अंगात काही राहिलेलं नसायचं, त्यात हाडं ठिसूळ झालेली. हातात सुया टोचलेल्या जागी पट्टी, तो हात दुसऱ्या हाताने छातीशी धरलेला. मी वीसच्या वेगाने चालवायचे तरी प्रत्येक स्पीडब्रेकरला त्यांच्या तोंडून एक बारीक आवाज निघायचा. ते तो दाबायचे म्हणून मला जास्त ऐकू यायचा.

त्याच दिवसांत भिगवणला रोहित पक्षी बघायला पुण्याच्या गाड्या येतात. त्या मोठ्या गाड्या स्पीडब्रेकरवरून अलगद जायच्या, आतली माणसं हसत बोलत असायची, कुणाचा चष्मासुद्धा हलायचा नाही. त्या पक्ष्यांनी माझं काय वाकडं केलं होतं, पण त्या हंगामात मला त्यांचाही राग यायचा.

एका सोमवारी घरी आल्यावर आबा गाडीतून उतरेनात. दत्ता आणि मी त्यांना धरून ओट्यावरच्या बाजेवर आणलं. पाणी पिऊन झाल्यावर ते म्हणाले, "आता न्हाय जायचं मला." मला वाटलं थकवा बोलतोय. पण गुरुवारी सकाळी ते बाजेवरून उठले नाहीत. आंघोळ नाही, कपडे नाहीत. मी समजावलं, दत्ताने आवाज चढवला, आत्यांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, देवाची आण घातली. त्यांनी एवढंच सांगितलं की मशीनचं मला काही वाटत नाही, सुयांचंही नाही, पण हा रस्ता आता होत नाही. दवाखान्यात फोन केला तर डॉक्टर स्पष्ट बोलले. एक खेप चुकली तर बघू, ओळीने दोन-तीन चुकल्या तर माणूस हातचा जाईल.

म्हणजे प्रश्न सरळ होता. गाडी मऊ झाली तर आबा दवाखान्यात जाणार होते, नाही झाली तर जगणार नव्हते. मी बाळू मिस्त्रीला फोन केला, म्हटलं जादा पाटे काढून टाक, शॉकप नवे घाल. तो आधी हसला. पाटे वाढवायला लोक येतात, काढायला आजपर्यंत कोणी आलं नाही, म्हणाला. मग खाकरला आणि म्हणाला, वहिनी, मला जमणार नाही, आबांनी सकाळीच फोन करून सांगितलंय, सूनबाई येईल, तिचं ऐकू नको.

मला इतका संताप आला की हातातलं पातेलं मी जोरात आदळलं. मरायला तयार, पण गाडी बसलेली दिसायला नको. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच. मी ओट्यावर जाऊन आबांना विचारलं, तुम्ही बाळूला नको म्हणून सांगितलंत? त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. मग भिंतीलाच सांगितल्यासारखं बोलले, की ते पाटे त्यांच्या कमाईचे आहेत, आणि ते बरे झाले की गाडीला कामाला लावायचीच आहे, तेव्हा कशाने भार उचलणार? बरे झाले की, हे शब्द त्यांनी सहज वापरले. हा आजार बरा होत नाही हे डॉक्टरांनी त्यांच्या समोरच सांगितलं होतं.

मी गप्प बसणाऱ्यातली नाही. शिवणाचं मशीन मी स्वतः उघडून दुरुस्त करते, पाण्याची मोटार उघडलेली आहे. दोन दिवस मी मोबाईलवर व्हिडिओ बघितले. त्यात एक परदेशी बाप्या आपल्या घराच्या दारात पिकअप चाकांवरून उचलून तिला नवे पाटे, नवे शॉकप बसवत होता. त्याला गाडी उंच करायची होती, डोंगरात फिरायला. मला खाली आणायची होती. पण उघडायची रीत तीच. तो बोलतो काय ते कळत नव्हतं, हात काय करतो ते कळत होतं. मी वहीत क्रम लिहून घेतला. बारामतीच्या स्पेअर पार्टच्या दुकानातून शॉकपची जोडी, रबरी बुश आणि पाटे एक्सलला आवळणारे नवे यू-बोल्ट आणले. दुकानदाराने विचारलं, मिस्त्री कोण? मी म्हटलं, मीच. त्याने बिलावर माझं नाव जरा जास्तच सावकाश लिहिलं.

रविवारी दत्ताला सुट्टी होती. तो तयार नव्हता. बापाच्या नजरेसमोर बापाचे पाटे काढायचे म्हणजे त्याला पाप वाटत होतं. मी त्याला म्हटलं, अवो, तुमी फक्त जॅक धरा, पाप माझ्या नावावर. तो हसला आणि पाने घेऊन आला. गाडी अंगणात आणली, आबांच्या बाजेपासून दहा पावलांवर. दुसरीकडे सपाट जागाच नव्हती, नाहीतर मी मुद्दाम त्यांच्यासमोर केलं असं कोणी म्हणायचं. आबा कुशीवर, पाठ आमच्याकडे.

पुढच्या चाकांना दगड लावले. मागे जॅकने उचलून चेसीखाली टेकूच्या लोखंडी घोड्या दिल्या, चाकं काढली. नटांवर मी शुक्रवारपासून डिझेल सोडत होते तरी दोन नट हलायला तयार नाहीत. दत्ताने पान्यात नळीचा तुकडा अडकवला आणि आम्ही दोघं त्याच्यावर लोंबकळलो. नट सुटताना कडाड आवाज झाला आणि आबांची पाठ जरा हलली. जुने शॉकप हातात घेऊन दाबले तर सरळ आत गेले, परत यायचं नाव नाही. मग पाट्यांची चळत. ती मधल्या बोल्टावर धरलेली असते, तो नुसता सोडला तर पट्ट्या उसळून माणसाची बोटं घेतात. व्हिडिओतल्या बाप्याने दोन्हीकडून शिकंजे लावले होते, तसे आम्ही लावले आणि हळूहळू सैल केले. पट्ट्या एकेक करून सुट्या झाल्या. त्यातला जादा पाटा लगेच ओळखू आला. बाकीच्या गंजून तांबड्या, तो जाड, काळा, अजून सणसणीत. मी तो पोत्यावर ठेवला. दुपारपर्यंत दुसऱ्या बाजूचा त्याच्या शेजारी आला.

रस्त्याने जाणारे थांबत होते. गाडी का उघडली, कोण मिस्त्री, असं विचारत होते. शेजारचे अंकुशराव तर बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, लोक गाडी उठवतात, तुम्ही बसवायला निघालात. मी बाजेकडे पाहिलं. आबांनी ते ऐकलं होतं. त्यांनी उपरणं तोंडावर ओढून घेतलं. मला त्या क्षणी अंकुशरावांच्या डोक्यात पाना घालावासा वाटला, पण हातात काम होतं.

जेवणानंतर जोडाजोड सुरू झाली. रबरी बुश साबणाच्या पाण्याने ओले करून पाट्यांच्या टोकांच्या गोल डोळ्यांत ठोकले. उरलेल्या पाट्यांची चळत नव्या बोल्टने आवळली, बोल्टाचं डोकं एक्सलवरच्या खाचेत बरोबर बसवलं, नवे यू-बोल्ट चढवले, शॉकप लावले. गाडी अजून घोड्यांवरच होती. दत्ताने बुशचा बोल्ट पकडला आणि मी पान्याला जोर लावला. एक फेरा, दोन फेरे.

तेवढ्यात मागून आवाज आला. "हवेत आवळताय व्हय?"

आम्ही दोघं वळलो. आबा बाजेवर उठून बसले होते. दोन्ही हात बाजेला टेकून, रागाने लाल झालेले. चार दिवसांत त्यांच्या तोंडावर एवढं रक्त मी पाहिलं नव्हतं.

"रबर हाय त्यो. गाडी अधांतरी असताना आवळला की पीळ बसतो त्याला. खाली उतरवा आधी. चाकं लावा, गाडी तिच्या पायावर उभी ऱ्हाऊ द्या, भार येऊ द्या तिच्यावर, मग आवळा. न्हायतर आठ दिसांत फाटतंय आन गाडी हुती तशीच कडक."

व्हिडिओतल्या बाप्याने हे केलंही असेल, पण मला ते दिसलं नव्हतं. मी बोल्ट सैल केला. त्यानंतर आबांनी उंटावरून शेळ्या हाकाव्यात तसं बाजेवरून आम्हाला हाकलं. तो नट आधी, तो नंतर. समोरासमोरचे आवळा, ओळीने नको. दत्ता, तुझा पाना तिरका हाय. एकदा तर मला म्हणाले, तुला शिकवून चूक केली. हे ऐकून मला जेवढं बरं वाटलं तेवढं कधी कुणी कौतुक करूनही वाटलं नाही. चाकं लागली, घोड्या निघाल्या, गाडी खाली उतरली. आणि मागून झुकली. फार नाही, चार बोटं. पण दिसत होती. दत्ताने माझ्याकडे पाहिलं, मी आबांकडे. आबा बराच वेळ गाडीकडे बघत राहिले आणि मग म्हणाले, उद्या निघताना मागं वाळूची चार पोती टाका. मोकळी गाडी उडतेच, तिला थोडा भार लागतो.

उद्या निघताना, हे दोन शब्द ऐकले आणि मी हात धुवायला म्हणून घरात गेले. मोरीत उभी राहून मी रडले. डिझेलच्या हातांनी डोळे पुसता येत नव्हते, ते आणखीच अवघड झालं.

सोमवारचा रस्ता मला खड्ड्या-खड्ड्यासह आठवतो. वस्तीबाहेरचा पहिला खड्डा आला. गाडी खाली गेली, वर आली आणि थांबली. पूर्वी ती तीन-चारदा उडायची. शाळेजवळचा स्पीडब्रेकर आला, मी डावा हात त्यांच्यापुढे आडवा धरला. मी त्यांच्याकडे बघितलं नाही, कान मात्र तिकडेच. बारीक आवाज आला नाही. बारामतीच्या अलीकडे उसाच्या ट्रॉलीमागे आम्ही बराच वेळ अडकलो, तेव्हा ते म्हणाले की ट्रॉलीवाल्याने माल एका बाजूला भरलाय, वळणावर पडणार. त्यांना रस्त्यावरचं काही दिसू लागलं होतं. येताना ते चक्क झोपले. तोंड उघडं टाकून, मान खिडकीकडे. घरी आल्यावर कमरेत दुखतं का विचारलं, तर म्हणाले, दुखतंय, पण माणसासारखं दुखतंय.

काढलेले दोन पाटे मात्र त्यांनी कुणाला हलवू दिले नाहीत. तेल लावून, पोत्यात गुंडाळून ते बाजेखाली ठेवायला लावले. मी बरा झालो की परत टाकायचे, हे दर आठ-दहा दिवसांनी एकदा म्हणून व्हायचं. मी हो म्हणायचे. आत्या झाडू मारताना ते पोतं पायाने सरकवायच्या आणि पुटपुटायच्या. आपण बरे होऊ असं आबांना खरंच वाटत होतं का, की आम्हाला बरं वाटावं म्हणून म्हणत होते, हे मी कधी विचारलं नाही. काही प्रश्न विचारायची हिंमत माझ्यातही नाही.

हंगाम निम्म्यावर आला. ऊसतोड्यांचे कोयते बोथट व्हायला लागले की रस्त्याच्या कडेला लोहाराचं पाल पडतं. भाता, ऐरण, कोळसा, आणि समोर कोयत्यांची रास. आमच्या रस्त्यावरही ते पडलं होतं. येता-जाता आबा तिकडे बघायचे. एकदा मला गाडी थांबवायला लावली आणि खिडकीतूनच लोहाराशी बोलले. काय बोलले ते ट्रॅक्टरच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. मी विचारलं तर म्हणाले, विळ्याचं विचारलं.

संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात मी दिवसभर कांद्यात होते. संध्याकाळी घरी आले तर बाजेखालचं पोतं सपाट पडलेलं. मला वाटलं पाटे भंगारवाल्याने नेले. आत्यांना विचारलं तर त्या चुलीपाशी फणकाऱ्याने बसलेल्या. विचारा तुमच्या सासऱ्याला, म्हणाल्या. आमच्याकडे संक्रांतीला हळदीकुंकू करतात, वस्तीवरच्या बायकांना वाण देतात. वाण लुटायचं असं म्हणतात. हल्ली सगळीकडे प्लॅस्टिकचे डबे नाहीतर स्टीलच्या वाट्या. आबांनी सकाळी अंकुशरावांबरोबर दोन्ही पाटे लोहाराकडे पाठवले होते आणि त्यांची खुरपी करायला सांगितली होती. वाण म्हणून.

आत्यांचं म्हणणं बरोबर होतं. लोखंड, त्यात धारेचं, सवाष्णीला वाणात कोण देतं? त्या आबांना तेच म्हणाल्या. आबा म्हणाले, खुरपं हत्यार नव्हं, त्यानं रान राखलं जातं, त्याला काय हुतंय. त्या तरी ऐकेनात. मग माझ्याकडे बघत आबांनी सांगितलं.

"ते पाटं परत गाडीत जायाचं न्हाईत. मला म्हाईत हाय. गाडी बसलीय ती बसू द्या, पर माझ्यामागं कुणी ते पुन्ना टाकाया नको."

आत्यांनी चुलीतलं लाकूड उगाच पुढे सारलं. दत्ता तेव्हा कामावरून येऊन दारातच उभा होता, तो तसाच परत बाहेर गेला. मी आबांच्या बाजेवर पायाशी बसले. मी विचारलं, खुरपी किती होतील? आठ, ते म्हणाले. लोहार बरा माणूस आहे, मुठी बाभळीच्या घालतो म्हणाला.

संक्रांतीला आठ बायका आल्या. पाटा-लोखंडाचं खुरपं, तापवून धारेला पाणी दिलेलं, हातात घेतल्याबरोबर कळतं. अंकुशरावांच्या बायकोने ते उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, कुठं मिळालं. आत्या ताठ मानेने म्हणाल्या, आमच्या गाडीचं हाय. त्या वाणाच्या ताटाकडे आबा ओट्यावरून बघत होते. बाजारात भरलेल्या गाडीकडे बघायचे तसेच.

आबा तो हंगाम आणि त्याच्या पुढचा अख्खा हंगाम माझ्या शेजारी बसले. त्या सोमवारनंतर एकही खेप चुकली नाही. त्यानंतरच्या उन्हाळ्यात, घरी, बाजेवर, दुपारी गेले. त्या संक्रांतीनंतर शेवटपर्यंत ते कधी बरा झालो की, असं म्हणाले नाहीत. मला त्यांची आठवण येते तेव्हा आजारातले आबा कमी येतात, बाजेवर रागाने लाल होऊन उठून बसलेले जास्त येतात. त्या दिवशी मी बोल्ट बरोबर आवळत असते तर ते उठले असते का, हे मला अजून कळलेलं नाही.

गाडी अजून मागून झुकलेलीच आहे. वस्तीवरची माणसं आधी हसली. आता कुणाला बाळंतपणाला न्यायचं असलं, कुणाची कंबर धरली असली, की आमच्याच दारात येतात. तुमची गाडी आपटत नाही, म्हणतात. दोनदा यू-बोल्ट मी स्वतः आवळलेत, गाडी खाली उभी करून.

परवा पेरू उतरवून येताना टायरची हवा तपासायला बाळू मिस्त्रीकडे थांबले. तो वाकून मागून बघत होता. आता पेरूचा माल वाढलाय वहिनी, गाडी लय बसायला लागली, दोन्हीकडं एकेक पाटा टाकून घ्या, म्हणाला. नवे कशाला, आबांचे काढलेले घरी असतीलच, ते आणा, तासाभरात टाकून देतो.

मी म्हटलं, "हायत की. पर ते आणायचं तर आठ घरं फिरावं लागंल, आन आठी जणी आत्ता कांद्यात खुरपाया बसल्यात."

बाळूला काही कळलं नाही. तो हातातलं फडकं घेऊन माझ्याकडे बघत राहिला. मी गाडी सुरू केली. पुढे शाळा होती, स्पीडब्रेकर अजून लांब होता, मी आधीच ब्रेकवर पाय ठेवला.